रोज चार मिनिटं आधी

माझी मुलगी प्रणाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली ते साल दोन हजार एकोणचाळीस. शिमगा होऊन चार दिवस झाले होते. डॉक्टरीणबाईंनी तिला बजावलं होतं, फार चालायचं नाही, बसून राहायचं. बसून राहणं आमच्या रक्तात नाही. आम्ही मूळचे मेंढके. आमच्या ढोकमाळचं निम्मं गाव दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाट उतरतं आणि पावसाच्या तोंडावर कोकणातून परत येतं. मीही तिशीपर्यंत तेच केलं. मग एका कड्यावरून पडलो, पाय मोडला, तो वाकडा जुळला आणि मी पत्र्याच्या कामात शिरलो. धान्याच्या कोठ्या, ट्रंका, गिरणीवर दाणे ओतायची नरसाळी. अक्षरं शिकलो बावन्नाव्या वर्षी, प्रणालीच्याच जुन्या पुस्तकांवर. म्हणून हे लिहायला जमतंय.

थोरला भाऊ म्हाळू मेंढरांमागंच राहिला. त्या साली तो बाहत्तर वर्षांचा होता. कानानं ठार बहिरा, त्यामुळं फोन त्याच्या कामाचा नाही. अक्षर येत नाही, त्यामुळं लिहून निरोपही पाठवता येत नाही. मी कळप सोडला तेव्हा तो म्हणाला होता, "जा, डबडी ठोक." त्यानंतर तो मला नावानं हाक मारायचा नाही, डबडीवाला म्हणायचा. रागावून म्हणतो की गमतीनं, हे मला कधी नीट कळलं नाही. त्याची बायको ठकू वहिनी गुडघ्यांमुळं बारा वर्षं घरीच असायची. आमची दोघांची घरं एकाच अंगणात. माझी बायको गेल्यापासून प्रणालीला आई म्हणजे तीच.

प्रणाली फलटणच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. नवव्या दिवशी ती मला म्हणाली, "आबा, मला एक नरसाळं करून द्या. गिरणीवर असतं तसंच, चौकोनी. पण तोंड चार फूट. आणि ते आभाळाकडं करून ठेवायचं."

वहिनी शेळीला पाला टाकत होती. "का गं, आभाळ दळतीस व्हय?"

"दळत नाही मोठी आई, ऐकते."

"आधी पोटातल्याचं ऐक. कवाधरनं लाथा मारतंय."

मग प्रणालीनं मला समजावलं ते असं. आभाळात सगळीकडं हायड्रोजन नावाचा वायू विरळ पसरलेला आहे. त्याच्या एका अणूत दोनच कण असतात आणि दोन्ही भोवऱ्यासारखे फिरतात. कधी तरी त्यातला एक भोवरा आपोआप उलटा होतो. तो उलटताना एक अगदी बारीक रेडिओलहर सुटते. एका अणूची ही पाळी कोटभर वर्षांतून एकदा येते. पण अणूच इतके आहेत की आभाळातून ही लहर अखंड येत असते, दिवसा, रात्री, ढग असले तरी. तिची लांबी एकवीस सेंटिमीटर.

मी हात पुढं केला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. तिनं पट्टी लावली. बरोबर एकवीस.

"म्हणजे एक वीत," मी म्हणालो.

"हो आबा. एक वीत."

हे मला फार आवडलं. जन्मभर वितीनं पत्रा मोजला होता.

पाच दिवसांत नरसाळं झालं. गळ्याला पत्र्याचा चौकोनी डबा, त्यात बोटाएवढी तांब्याची तार उभी. तारेची वायर प्रणालीच्या मुठीत मावेल अशा एका यंत्रात आणि तिथून तिच्या पडद्यावर. सांधे मी पाणी गळणार नाही असे डाख देऊन बंद केले. ती म्हणाली, पाणी गळत नाही त्यातून रेडिओलहरही गळत नाही. अंगणाच्या कोपऱ्यात चार दगडांवर ते सरळ डोक्यावरच्या आभाळाकडं तोंड करून बसवलं. फिरवायचं नाही. पृथ्वीच फिरते, त्यामुळं आभाळ आपोआप तोंडावरून सरकत जातं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला पडदा दाखवला. सपाट रेघेवर एक उंचवटा, बसलेल्या मेंढीच्या पाठीसारखा.

"ही आकाशगंगा आहे. पहाटे आपल्या अंगणावरून गेली."

मी पुष्कळ वेळ त्या मेंढीकडं बघत राहिलो. लहानपणापासून वाघरात, मेंढरांच्या जाळ्याशेजारी, उताणं पडून जिच्याकडं बघितलं, ती आता माझ्या पत्र्यातून येऊन गेली होती.

असं नरसाळं करणारे आम्ही एकटे नव्हतो. गेल्या पंधरा वर्षांत आभाळात उपग्रह इतके झाले की मोठमोठ्या दुर्बिणींनाही त्यांच्या गोंगाटात ऐकू येईना. तेव्हा जगभरच्या हौशी लोकांनी एक मेळ जमवला. हजारो घरगुती नरसाळी, गच्चीवर, माळावर, बोटीवर. प्रत्येकानं आपलं टिपण पाठवायचं. एक प्रोग्राम ते सगळं चाळून माणसाचा गोंगाट बाजूला काढतो. त्याची मुख्य चाळणी एकच. जे रोज घड्याळाच्या त्याच वेळेला येतं ते माणसाचं. जे रोज चार मिनिटं आधी येतं ते आभाळाचं.

"कारण पृथ्वी स्वतःभोवती फिरता फिरता सूर्याभोवतीही पुढं सरकते," प्रणाली सांगू लागली, "त्यामुळं ताऱ्यांचा दिवस आपल्या दिवसापेक्षा..."

"चार मिनिटांनी लहान," मी म्हणालो. "पोरी, तिकांडं रोज थोडं आधी मावळतं हे मेंढक्याला कुणी सांगावं लागत नाही. मिनिटं तेवढी माहीत नव्हती."

तिकांडं म्हणजे मृगातले ओळीतले तीन तारे.

एप्रिलच्या पाच तारखेला मेंढीच्या पाठीशेजारी एक सुई उगवली. बारीक, उंच, ताठ. रात्री नऊ बावीसला आली, साडेतीन मिनिटं राहिली आणि गेली. दुसऱ्या दिवशी नऊ अठरा. तिसऱ्या दिवशी नऊ चौदा. अधूनमधून एखादं मिनिट इकडंतिकडं व्हायचं, पण चाल तीच. प्रणालीनं जेवण सोडून टिपणं काढली. आठव्या दिवशी मेळाकडून पत्र आलं. ढोकमाळची सुई चाळणीतून पार झाली आहे. चाळीस दिवस टिकली तर मोठ्या दुर्बिणी तिच्याकडं वळवू.

"आबा, हे काही तरी नवीन असू शकतं," ती म्हणाली.

पण ती माझी मुलगी आहे. सांध्यावर पाणी ओतून बघितल्याशिवाय कोठी विकायची नाही, हे तिनं लहानपणी बघितलेलं. तिला दोन गोष्टी खटकत होत्या. सुईची लांबी सारखी बदलायची. एके दिवशी तीन मिनिटं, तर बारा तारखेला चक्क नऊ मिनिटं. आणि दुसऱ्या कुठल्याच नरसाळ्याला ती ऐकू येत नव्हती.

"दुसरा कान पाहिजे," ती म्हणाली.

मी दुसरं नरसाळं केलं. वहिनीच्या म्हाताऱ्या घोड्यावर लादून पश्चिमेच्या डोंगरापलीकडं आमच्या एका पाहुण्याच्या वस्तीवर नेऊन ठेवलं. तीन दिवस ठेवलं. मेंढीची पाठ तिथंही दिसली. सुई नाही.

प्रणाली उंबऱ्यावर बसून राहिली. "म्हणजे ती आभाळातली नाही. इथलीच आहे. पण इथलं काय असं असेल जे ताऱ्यांच्या वेळेवर चालतं? फ्रीज, मोटर, गोठ्यातला दिवा, सगळं घड्याळावर चालतं."

माझ्या मनात एकच येत होतं. ज्याला घड्याळ कळतं ते रोज चार मिनिटं सरकणार नाही. मग ज्याला घड्याळ कळत नाही, असं आमच्या अंगणात कोण आहे?

त्या संध्याकाळी मी कोठ्यांच्या आडोशाला थांबलो. अंधार पडल्यावर वहिनी काठी टेकत कुंपणाशी आली. पश्चिमेकडं तोंड केलं. उजवा हात लांब करून आडवी मूठ डोंगराच्या कडेवर ठेवली, तिच्यावर डावी मूठ ठेवली. दोन मुठी. मेंढके असंच आभाळ मोजतात. तिकांडं दोन मुठींवर टेकलं तसं तिनं कनवटीचं काही तरी काढलं, अंगठ्यानं दाबून धरलं आणि बोलायला लागली.

"आज करडू दूध प्यालं. प्रणालीचं पाय सुजल्यात, मीठ बंद केलंया. भावजींनी आजबी डबडी ठोकली दिसभर..."

ती वस्तू म्हणजे भुंगा. अकरा वर्षांपूर्वी लांडग्यांचा उपद्रव वाढला तेव्हा मेंढक्यांना या जोड्या मिळाल्या होत्या. रानात दोघांनी एकेक ठेवायचा. एकानं दाबला की दुसऱ्याच्या हातातला थरथरतो आणि त्यावरचा हिरवा दिवा लागतो. बहिऱ्यालाही कळतं. पोच दोन-तीन कोसांची. आवाज त्यातून जात नाही.

"वहिनी," मी पुढं झालो.

ती दचकली, पण अंगठा काढला नाही. "आडून ऐकता व्हय? म्हातारपणी लाज सोडली का?"

प्रणालीही आली. तिला वहिनीच्या हातातला भुंगा दिसला आणि ती मटकन ओट्यावर बसली. मग हसायला लागली. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

"मोठी आई, बारा तारखेला तू नऊ मिनिटं काय बोलत होतीस?"

"बारा म्हंजी कवा?"

"गेल्या मंगळवारी."

"शेळी व्याली न्हवं का. दोन करडं. सांगाया नको?"

हिशेब प्रणालीनं लगेच मांडला. भुंग्याची मूळ लहर दोन वितींची. पण स्वस्तातल्या यंत्राच्या बोलण्याला एक पडसाद असतो, निम्म्या लांबीचा. म्हणजे एक वीत, थेट हायड्रोजनच्या शेजारी. वहिनी नरसाळ्यापासून दहा पावलांवर उभी राहायची. आणि ती घड्याळ बघत नव्हती, तिकांडं बघत होती. प्रणालीनं मेळाला खरं काय ते कळवलं: सुईचा उगम सापडला, माझी चुलती. मेळाच्या चाळणीत त्या महिन्यात एक नवीन सूचना घातली गेली, की आसपास ताऱ्यांवरून वेळ ओळखणारी माणसं राहत असतील तर तेही लिहावं.

माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. "वहिनी, दादा तर तीस-पस्तीस कोसांवर. हे तिथंवर पोचत नाही."

"ठावं हाय मला."

"मग?"

"जाताना ठरलंया आमचं. तिकांडं दोन मुठीवर आलं की त्यानं तिकडं दाबायचं, मी हिकडं. भुंगा आला त्या पयल्या साली ठरलं. तवापासनं दाबतिया."

"आणि दादा दाबतो?" प्रणालीनं विचारलं.

वहिनीनं भुंगा कनवटीला खोचला. "मला काय ठावं? इचारलं की म्हंतो, व्हय. त्यो कशालाबी व्हय म्हंतो. ऐकू कुठं येतंय."

प्रणालीचे डोळे चमकले. ती म्हणाली, दुसरं नरसाळं डोंगराच्या माथ्यावर ठेवून तोंड घाटाकडं केलं तर ऐकता येईल. कोकणात तळाला असतील तोवर घाटाच्या भिंतीआड आहेत. पण माथ्यावर चढले की मध्ये काही नाही. पोच दोन-तीन कोसांची असते ती साध्या कानाला. नरसाळ्याला पुष्कळ जास्त.

"नको," वहिनी म्हणाली.

"का गं?"

"आन् दाबत नसला तर?"

असं म्हणून ती घरात गेली. अकरा वर्षं न कळण्यावर तिचं चाललं होतं. आम्ही ते उसवायला निघालो होतो.

चार दिवस तो विषय निघाला नाही. पाचव्या दिवशी मी पत्रा कापत होतो, तर ती समोर येऊन बसली.

"भावजी, तुमचं त्ये डोंगरापल्याडचं नरसाळं. त्यात माझं आलंच न्हाई म्हनता?"

"नाही. डोंगर आड येतो."

"म्हंजी अकरा वर्सांत माझं डोंगरापल्याड गेलंच न्हाई."

"नाही गेलं."

तिनं पत्र्याची एक कात्रण उचलली, गुंडाळली, उलगडली. "मग त्यानं दाबलं आसंल तर त्येबी तिकडंच आडलं. वाया गेलं. कुनीतरी वर जाऊन बघाया पायजेल. करा तुमचं काय त्ये."

इतक्या लांबून पडसाद पोचत नाही, मूळ लहरच धरायची होती, आणि दोन वितींची लहर एक वितीच्या गळ्यात शिरत नाही. मी दुसऱ्या नरसाळ्याचा गळा कापून दुप्पट केला. घोड्यावर लादलं, वाकड्या पायानं डोंगर चढलो, तोंड घाटाकडं केलं. मेंढरं यंदा लवकर वर निघाल्याचं दादाचा सोबती सिदू फोनवर बोललाही होता. सिदू पन्नाशीचा, दादाच्या हाताखाली मेंढरांत वाढलेला. टिपण फोनवरून खाली जायचं; प्रणाली खाली पडद्याशी, मी वर. पहिल्या संध्याकाळी काही नाही. दुसऱ्या संध्याकाळी नाही. वहिनी विचारायची नाही, नुसती माझ्या तोंडाकडं बघायची.

पंचवीस एप्रिल. आठ तीनला वहिनीनं आपला भुंगा दाबला. आठ सत्तावीसला प्रणालीचा फोन आला. ती रडत होती. पडद्यावर तीन रेघा आल्या होत्या. एक, मग जराशानं दुसरी, मग तिसरी.

चोवीस मिनिटांचा फरक का, तर वहिनीची पहिली मूठ डोंगराच्या कडेवर, दादाची सपाट क्षितिजावर. त्याच्या पश्चिमेला आडवं काही नव्हतं.

नरसाळं वरच ठेवून मी खाली आलो तेव्हा वहिनी पडद्यासमोर बसली होती. तिला त्यातलं काही वाचता येत नव्हतं. तिनं एकेका रेघेवर बोट ठेवलं.

"तीन कशापायी दाबतो गं? मी तर येकदाच."

"तू नऊ मिनिटं दाबतेस," प्रणाली म्हणाली.

"मंग बरंच बोलतो की मुका," वहिनी म्हणाली आणि पदर तोंडावर घेतला.

सव्वीसला आठ तेवीस. सत्तावीसला आठ एकोणीस. अठ्ठावीसला आठ पंधरा. त्या चार दिवसांत वहिनी तरण्या बाईसारखी वागली. भाकरी करताना ओव्या म्हणाली. शेजारणींना बोलावून रेघा दाखवल्या.

एकोणतीसला तीन रेघा आल्या आठ पंधराला. मला वाटलं, मिनिटं इकडंतिकडं होतातच. तीसला पुन्हा तीन रेघा. आठ पंधरा.

प्रणालीनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं. तिकांडं थांबत नाही. दादाला घड्याळ कळत नाही. ठरल्या मिनिटाला दाबणारा माणूस दुसरा होता.

"आलं का?" वहिनीनं दारातून विचारलं.

'आलं' म्हणून मोकळं होता आलं असतं. खोटंही नव्हतं. तीन रेघा आल्याच होत्या.

"आलं," मी म्हणालो. "पण दादाचं नाही, वहिनी."

मी तिला समजावलं. तिला दोन वाक्यांत कळलं, कारण तिकांड्याची चाल तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तिनं काठी घेतली. "सिद्याच्या हातात घड्याळ आसतंय. लावा फोन त्याला."

सिदूनं दोनदा फोन उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला आणि पहिलं वाक्य बोलला, "दादांनी सांगू नको म्हटलं होतं." एकोणतीसच्या दुपारपासून दादाच्या छातीत दुखत होतं. चालवत नव्हतं. दवाखान्यात यायला तयार नव्हता. संध्याकाळी मानही वर होईना, तेव्हा भुंगा सिदूच्या हातात दिला आणि तीन बोटं दाखवली. सिदूनं आदल्या दिवशीची वेळ घड्याळात बघून ठेवली होती. ती तशीच पाळली.

"घरी कळवलं तर ती गुडघ्यांनी घाट चढंल, म्हणाले."

एक मेच्या पहाटे आम्ही गाडी केली. प्रणालीला शेजारणींवर सोपवलं. दहाच्या सुमाराला घाटमाथ्यावर पोचलो. दादा एका बुटक्या जांभळीखाली घोंगडीवर पडला होता. मेंढरं भोवती चरत होती. वहिनी त्याच्याजवळ बसली. काही बोलली नाही, बोलून उपयोग नव्हता. तिनं कनवटीचा भुंगा काढला आणि दाबला. दादाच्या उशाशी पडलेला भुंगा थरथरला आणि हिरवा दिवा लागला.

दादा त्या दिव्याकडं बघत राहिला. मग तिच्याकडं. वहिनीनं तीन बोटं वर केली. आमच्या डोंगराकडं हात केला, माझ्याकडं हात केला, कानाला हात लावला. तुझं ऐकलं आम्ही.

त्याला ते पटायला वेळ लागला. मग तो हसला. त्याला तीनच दात होते.

"तीन कशापायी?" वहिनीनं खुणेनं विचारलं.

त्यानं एक बोट तिच्या गुडघ्यावर टेकवलं. एक मेंढरांकडं केलं. तिसरं माझ्याकडं.

"एक ह्या डबडीवाल्याचा," तो बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाला. मेंढरांनी माना वर केल्या. "न्हाईतर कोन आठवन काढतंय त्याची."

मला तिथून उठून जरा लांब जावं लागलं.

त्याला दवाखान्यात नेलं. हृदय निम्म्याहून थकलं आहे, डॉक्टर म्हणाले, उपचार करू, पण फार आशा धरू नका. दादा म्हणाला, घरी चला. तीन तारखेला घरी आणला. अंगणात बाज टाकली, नरसाळ्याशेजारी. रोज अंधार पडताना वहिनी दोन मुठी मोजायची आणि बाजेवर बसून भुंगा दाबायची. त्याच्या हातातला दिवा लागायचा. मग तो दाबायचा, तीनदा. प्रणालीच्या पडद्यावर सुई इतकी उंच जायची की मेंढीची पाठ तिच्यामागं दिसतच नव्हती. तिनं ती टिपणं मेळाला पाठवली नाहीत. जपून ठेवली आहेत.

माझा थोरला भाऊ म्हाळू सहा मे दोन हजार एकोणचाळीस रोजी, शुक्रवारी, दिवस मावळायच्या आधी वारला.